‘धूळ टाळा’ कुणाला सांगायचं?

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी कुठल्याही बोळात शिरलं की उंबऱ्याशी, उजेडाच्या बाजूला विड्या वळणारी बाई बसलेली दिसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. फर्मा ठेवून पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, बोटांनी वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे हात थांबत नाहीत. सूप हललं की बारीक खकाणा उडतो. उन्हाची तिरीप आली तर तो दिसतो, एरवी दिसत नाही. स्वयंपाक त्याच खोलीत होतो, पोरं अभ्यासाला तिथेच बसतात आणि कारखान्यातून आणलेली पानं-तंबाखूही रात्री तिथल्याच कोपऱ्यात असते.

अशा घरातल्या बाईला किंवा तिच्या लेकराला दमा जडला की दवाखान्यात पहिला सल्ला मिळतो तो ‘धूळ टाळा’ असा. सल्ला चुकीचा नाही, पण ऐकणाऱ्याने त्याचं करायचं काय? धूळ टाळायची तर काम सोडावं लागेल आणि काम सोडलं तर चूल पेटणार नाही. यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराचं हेच, उसाच्या फडातल्या तोडणीवाल्याचं हेच आणि रस्त्याकडेला हातगाडी लावणाऱ्याचंही हेच. म्हणून सोलापुरात विचारायचा प्रश्न वेगळा आहे. जिथे धूळ टाळणं माणसाच्या हातात नाही, तिथे दमा ताब्यात ठेवता येतो का? बहुतेकांच्या बाबतीत येतो. मात्र त्यासाठी दम्याकडे अधूनमधून कोसळणारं संकट म्हणून न बघता मधुमेहासारखा रोज सांभाळायचा आजार म्हणून बघावं लागतं.

नळीत नेमकं काय होतं

दमा म्हणजे फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्यांचा दीर्घकाळचा दाह. नळीचं आतलं अस्तर कायम थोडं सुजलेलं आणि चिडलेलं असतं. अशा नळीला धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचा विषाणू, रंगाचा उग्र वास, कशाचंही निमित्त पुरतं. मग तीन गोष्टी एकदम घडतात. नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात, अस्तर आणखी सुजतं आणि चिकट बेडका साठतो. श्वास बाहेर सोडताना हवा अडते आणि छातीतून सूं-सूं ऐकू येतं. काहींच्या छातीतून आवाज येतच नाही. त्यांना फक्त पहाटे दोन-तीन वाजता उठवणारा कोरडा खोकला असतो आणि कफ सिरपच्या बाटल्या रिचवण्यात महिने जातात.

अनेकांच्या दम्यामागे ॲलर्जी असते. परागकण, बुरशी, गादीतले धूळकिडे, झुरळांची विष्ठा अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींना शरीर शत्रू समजतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोकं आहेत, त्यामुळे बहुतेक दमेकऱ्यांना नाकाचाही त्रास असतो. सकाळी उठल्याबरोबर ओळीने शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. ‘त्याला नेहमीचीच सर्दी आहे’ म्हणून घर तिकडे लक्ष देत नाही. प्रत्यक्षात नाकावर नीट उपचार झाले की छातीही शांत व्हायला मदत होते.

उतारवयातली प्रत्येक धाप मात्र दमा नसते. वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या पुरुषाला किंवा चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या बाईला बहुधा सीओपीडी असतो. त्यात नळ्या कायमच्या अरुंद होतात. दम्यात औषधाने नळी बरीचशी पूर्ववत उघडते. दोन्ही आजारांना गावात ‘दमा’च म्हणतात, पण उपचार वेगळे आहेत. फरक कळतो तो स्पायरोमेट्रीने. यंत्रात जोराने फुंकायचं, औषध ओढायचं, थोड्या वेळाने पुन्हा फुंकायचं, एवढीच ही तपासणी असते. रक्तदाब मोजल्याशिवाय आपण रक्तदाबाची गोळी घेत नाही. फुंकून न बघता दम्याचं औषध मात्र वर्षानुवर्षं घेतलं जातं.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण जगभर दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा जागतिक आजारभाराच्या २०१९च्या अभ्यासाचा अंदाज आहे. आजार तोच आणि औषधंही तीच, त्यातली कित्येक तर आपल्याच देशात बनून जगभर जातात. तरीही माणसं दगावतात, कारण निदान उशिरा होतं आणि झालं तरी रोजचं औषध रोज घेतलं जात नाही.

कापूस, सूत आणि तंबाखू

सोलापूरचं नातं या आजाराशी जुनं आहे. मोरारजी गोकुळदासांनी १८७४ साली स्थापन केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी मिल’, तिच्यानंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. गिरणीत सर्वांत जास्त धूळ असायची ती कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत. तिथे वर्षं काढलेल्यांच्या छातीचं एक दुखणं जगभर ओळखलं जातं, त्याचं नाव बिसिनोसिस. त्याची खूण अशी की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळते, धाप लागते आणि पुढच्या दिवसांत ती थोडी सैल होते. वर्षं उलटतात तशी ती सैल होणंही थांबतं. कच्च्या कापसाच्या धुळीतले जिवाणूंचे विषारी अंश यामागे असतात, असं संशोधन सांगतं.

गिरण्या गेल्या, पण सूत राहिलं. चादरी आणि टेरी टॉवेलचे यंत्रमाग शहरभर आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. विणकामात पिंजणखात्याइतकी धूळ नसते हे खरं. पण छोटी खोली, बंद खिडक्या, दिवसभर उडणारा सुताचा तंतू आणि पाळी संपताना माग झाडायची घाई, हे सगळं एकत्र आलं की ज्याची नळी मुळातच हळवी आहे त्याला ते पुरेसं होतं.

कायद्याच्या कागदावर हा कामगार दिसतो. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार आणि कामाच्या जागच्या घटकांमुळे होणारा दमा, दोन्ही कामगारांच्या भरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले आहेत. पण भरपाई मागायची तर अमुक ठिकाणी इतकी वर्षं काम केल्याचा कागद लागतो आणि तोच अनेकांकडे नसतो. घरात बसून विड्या वळणारीचं तर घर हाच कारखाना. तिथे धूळ मोजायला कोण येणार? विडी कामगारांच्या घरांसाठी या शहराने मोठे लढे दिले आणि जिंकले. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, मग रे नगर झालं. डोक्यावर हक्काचं छप्पर आलं. त्या घरांत आता तंबाखूच्या कामासाठी हवेशीर, स्वयंपाकापासून आणि अंथरुणापासून वेगळी जागा कशी करता येईल, हा पुढचा प्रश्न आहे.

सोलापूरचं वर्ष आणि दमेकऱ्याचं वर्ष

दम्याला ऋतू असतात. दिवाळीच्या आधीचा आठवडा त्यातला कठीण. माळे रिकामे होतात, जळमटं निघतात, गाद्या झोडपल्या जातात, भिंतींना रंग लागतो. बंद घरात फराळाच्या तळणीचा धूर कोंडतो. घरातल्या दमेकरी बाईने ही सफाई करायची नसते, ती दुसऱ्या कुणी करायची आणि त्या वेळी तिने त्या खोलीत थांबायचंही नसतं. एवढी साधी गोष्ट कित्येक घरांत ‘काम टाळतेय’ या टोमण्यापायी होत नाही. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसलं तर निम्मी लढाई तिथेच संपते.

मग फटाके. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली आपल्याकडच्या नेहमीच्या फटाक्यांतून किती बारीक धूलिकण निघतात ते मोजलं. सर्वांत वर होती नागगोळी, आवाज न करणारी आणि म्हणून लहान मुलांच्या हाती बेधडक दिली जाणारी. तिची सर्वोच्च पातळी घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम निघाली. लडीची ३८,५४०, फुलबाजीची १०,३९०, भुईचक्राची ९,४९० आणि भुईनळ्याची ४,८६०. या कणांची आपल्या देशातली चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा आहे ६०. नागगोळीचा मारा क्षणाचा असतो हे मान्य, पण मूल तिच्यावर ओणवं होऊन, तोंड जवळ नेऊन बघत असतं. आवाजाचे फटाके वाईट आणि बिनआवाजाचे चांगले, ही समजूत या दिवाळीत तरी सोडून द्यायला हवी.

दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. महाराष्ट्रात सर्वाधिक साखर कारखाने असलेला हा जिल्हा, त्यामुळे गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाच्या गाड्यांची धूळ आणि तोडणीनंतर पेटवलेल्या पाचटाचा धूर. पाचट न जाळता कुट्टी करून रानातच कुजवलं तर जमिनीलाही फायदा आणि छातीलाही. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरची गर्दी, शोभेचं दारूकाम, पायाखालची माती आणि त्यात पहाटेची थंडी. यात्रेला जाऊ नका असं सोलापूरकराला सांगण्यात अर्थ नाही. रोजचं औषध चुकवू नका, लगेच आराम देणारा तात्पुरता पंप (इनहेलर) खिशात ठेवा आणि दारूकाम लांबून बघा, हे सांगता येतं आणि पाळताही येतं.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि संध्याकाळी धुळीचे लोट उठतात. मृगाचे शिंतोडे पडले की धूळ बसते, पण दुसरे वैरी जागे होतात. ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते. दमट हवेत गादी-उशांमधले धूळकिडे वाढतात. सोलापुरी चादर जाड, उबदार आणि वर्षानुवर्षं टिकणारी, म्हणून तिला पाणी क्वचित लागतं. दमेकऱ्याच्या घरात मात्र पांघरूण आठवड्याला धुवावं. ५५ ते ६० अंशांच्या गरम पाण्यात हे किडे मरतात आणि कडक उन्हात वाळवलं की ओलही जाते. एवढ्याने दमा आटोक्यात येत नाही, पण नळीवरचा भार हलका होतो.

पावसाबरोबर मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेरुळांकडेला, बांधावर गाजर गवत माजतं. भारतात ते प्रथम नोंदलं गेलं १९५०च्या दशकात पुण्यात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सर्वत्र मानलं जातं. त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. त्याच्या स्पर्शाने हातांवर, मानेवर, पापण्यांवर चट्टे उठतात आणि परागांमुळे नाक व छाती धरते. एक झाड हजारोंनी बी टाकतं. ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं असतं. फुलल्यावर उपटणारा पराग स्वतःच्याच अंगावर घेतो. ऑगस्टमध्ये १६ ते २२ तारखांना देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. प्रत्येक शाळेने आणि गृहनिर्माण संस्थेने तेवढा आठवडा मनावर घेतला तरी पुष्कळ काम होईल.

आणि बारा महिने घरात असते ती डासांची कॉईल. एका कॉईलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळलं. दमेकरी मुलाच्या उशाशी रात्रभर कॉईल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी लावावी. ती स्वस्त पडते आणि धूरही करत नाही.

पंपाची भीती

‘पंपाची सवय लागते’, ‘तो शेवटचा उपाय’, ‘त्यात स्टेरॉइड असतं’, ‘पोरीला पंप दिला तर स्थळ कसं येईल?’ ही वाक्यं कुठल्याही छातीच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर ऐकू येतात. या भीतीपायी लोक गोळ्या मागतात, इंजेक्शन मागतात आणि नेमका सर्वांत सुरक्षित उपाय नाकारतात.

हिशेब साधा आहे. सालब्युटामॉलची गोळी असते २ किंवा ४ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध असतं १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्या गोळीच्या चाळिसाव्या भागाइतकं. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट नळीवर जातो. स्टेरॉइडचंही तसंच. रोज ओढायचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, तर झटक्यानंतर द्याव्या लागणाऱ्या गोळ्या कित्येक मिलिग्रॅमच्या. पंप नाकारणारा माणूस स्टेरॉइड टाळत नाही, तो पुढच्या झटक्यात शेकडो पट स्टेरॉइड घेण्याची तयारी करत असतो.

सवय पंपाची नसते, आजार दीर्घकाळचा असतो. चष्मा रोज लावावा लागतो म्हणून कुणी त्याला व्यसन म्हणत नाही.

मात्र दोन पंपांतला फरक प्रत्येक रुग्णाला कळलाच पाहिजे. एक तात्पुरता. तो आवळलेले स्नायू सैल करतो आणि काही मिनिटांत बरं वाटतं, पण सूज तशीच राहते. दुसरा रोजचा, ओढायच्या स्टेरॉइडचा. तो सूज उतरवतो, पण त्याचा परिणाम दिसायला दिवस-आठवडे लागतात. लगेच बरं वाटतं म्हणून माणूस पहिल्यावरच विसंबतो आणि दुसरा सोडून देतो. आतल्या आत सूज वाढत जाते आणि एका रात्री तात्पुरता पंप कामी येत नाही. दम्याचे बरेच मृत्यू असेच होतात. म्हणूनच दम्यासाठी जगभर मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ या संस्थेने २०१९मध्ये स्पष्ट केलं की मोठ्या माणसांवर आणि किशोरवयीनांवर नुसत्या तात्पुरत्या पंपाने उपचार करू नयेत, सोबत ओढायचं स्टेरॉइड हवंच.

पंप घेण्याची रीतही शिकावी लागते. झाकण काढा, हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोटी ओठांत घट्ट धरा, सावकाश श्वास घ्यायला लागा आणि त्याच क्षणी दाबा. मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून टाका, म्हणजे तोंड येत नाही. घाईत दाबलं की औषध घशातच राहतं. लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना हा मेळ जमत नाही, त्यांनी पंपाला स्पेसर, म्हणजे मधलं पोकळ नळकांडं, लावावा. तो मिळाला नाही तर? दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९मध्ये दाखवून दिलं की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून पंप घट्ट बसवला तर ती मुलांना विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. यंत्रात घालून ओढायच्या कॅप्सूल काही जण पाण्याबरोबर गिळतात. दुकानदाराने किंवा सिस्टरने दोन मिनिटं देऊन करून दाखवलं तर हे टळतं.

मृगाचा मासा, कोजागिरीची खीर

मृग लागला की हैदराबादला बत्तिनी कुटुंबाकडून जिवंत माशातून दिलं जाणारं दम्याचं औषध घ्यायला दूरदूरहून हजारो लोक जातात. महाराष्ट्रात ठिकठिकाणी कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध देतात. यामागची श्रद्धा आणि फुकट सेवा करणाऱ्यांची भावना यांचा अनादर करायचं कारण नाही. पण या औषधांचा दम्यावरचा उपयोग शास्त्रीय चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. दमा स्वभावतःच चढतो आणि उतरतो. उतरतीच्या वेळी घेतलेल्या कुठल्याही औषधाला त्याचं श्रेय मिळतं. खीर खाऊन कुणी मरत नाही. खीर खाल्ली म्हणून रोजचा पंप बंद करणाऱ्याच्या जिवाला मात्र धोका असतो. ज्याला श्रद्धेने जायचंय त्याने पंप चालू ठेवून जावं.

पथ्याचंही तसंच. दही बंद, केळी बंद, भात बंद, शेंगाचटणीसुद्धा बंद. मुलाचं वजन घटतं, दमा मात्र आहे तिथेच. अमुक पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असं दिसलं तर तो तपासून घ्यावा. सरसकट उपासमार करू नये.

ताबा आहे की नाही, कसं ओळखायचं

गेल्या चार आठवड्यांबद्दल स्वतःला चार प्रश्न विचारा. आठवड्यात दोनदांपेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का? रात्री दम्याने किंवा खोकल्याने जाग आली का? तात्पुरता पंप आठवड्यात दोनदांपेक्षा जास्त वेळा लागला का? चालणं, जिना, काम, खेळ यांतलं काही दम्यामुळे सोडावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ताबा पूर्ण नाही. डॉक्टरांकडे जायची वेळ तीच, झटका येईपर्यंत थांबायचं नसतं. झटका बहुधा अचानक येत नाही. आधी काही दिवस रात्री बिघडतात, पंपाचे फवारे वाढतात. तेव्हा काय करायचं, हे डॉक्टरांकडून आपल्या भाषेत कागदावर लिहून घ्यावं आणि तो कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावावा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या या शहरात हा कागद त्या त्या भाषेत मिळाला पाहिजे.

झटका आलाच तर माणसाला आडवं करू नका, ताठ बसवा. स्पेसरमधून तात्पुरत्या पंपाचे चार फवारे, एकेक करून द्या. वीस मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा द्या आणि त्याच वेळी रुग्णालयाकडे निघा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर पडलेत, छातीतला आवाजच बंद झालाय किंवा माणूस गळून चाललाय, यांतलं काहीही दिसलं तर वीस मिनिटंही थांबू नका. १०८ला फोन करा. गरोदर बाईने पंप बंद करायचा नसतो. तिचा गुदमरलेला श्वास बाळाला औषधापेक्षा जास्त घातक असतो.

उरलेलं काम शहराचं

रोजचं औषध घेणं हे रुग्णाचं काम, पण ते हाताशी ठेवणं हे व्यवस्थेचं. सरकारी योजना प्रामुख्याने रुग्ण दाखल झाल्यावर मदतीला येतात. दाखल व्हायची वेळ न आणणारा पंप मात्र बहुतेकांना खिशातून घ्यावा लागतो. ओढायचं स्टेरॉइड प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आणि विडी कामगारांच्या दवाखान्यात बारा महिने मिळालं पाहिजे. तिथे स्पायरोमेट्री हवी आणि पंप कसा घ्यायचा ते दाखवणारी प्रशिक्षित व्यक्ती हवी. विडी कारखान्यांनी तंबाखूसाठी झाकणाचे डबे द्यावेत. यंत्रमागाच्या खोल्यांत हवा बाहेर फेकणारे पंखे असावेत आणि माग झाडताना कामगाराला तोंडावर बांधायला नीट मास्क मिळावा. २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचं नाव हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत आहे. त्या कार्यक्रमाचं यश रस्त्यावरच्या यंत्राच्या आकड्यांसोबत, जिथे माणसं दिवसाचे दहा तास काढतात त्या खोल्यांमधूनही मोजलं जावं.

घरात विडी वळणाऱ्या बाईला काय सांगायचं? काम सोड असं सांगायचं नाही. दाराच्या तोंडाशी बस, तंबाखू झाकून ठेव, मुलाचं अंथरूण लांब घाल, संध्याकाळी खोली ओल्या फडक्याने पूस आणि काहीही झालं तरी रोजचा पंप चुकवू नकोस. हे सगळं तिला करता येण्यासारखं आहे. ते जिथे नीट सांगितलं जातं आणि औषध वेळेवर हातात पडतं, तिथे दमा असलेली माणसं कामाला जातात, रात्री झोपतात, मुलं शाळेच्या मैदानावर धावतात. सोलापूरच्या प्रत्येक दमेकऱ्याला एवढं मिळायलाच हवं.